माझी दीड भाकरी

ऑफिसात दुपारी सगळ्यांचे डबे उघडतात, आणि माझा सगळ्यांच्या आधी संपतो. "आला गं गावाकडचा माल," म्हणत हात पुढे येतात. मीही हसते. घरात पहिली ग्रॅज्युएट झाले. पण इथे रोज उपाशी राहून हसायचं कसं, ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आज शेजारच्या मॅडमनी भाकरीला हात लावला, तसा मी डबा जवळ ओढला. "आज राहू द्या मॅडम, मला भूक आहे."

"अगं, आम्ही आपलेपणाने घेतो."

"माहितेय. तरी राहू द्या."

मॅडमनी हात मागे घेतला, आणि बाकीच्यांनी आपापले डबे जवळ ओढले. दीड भाकरी मी मान खाली घालून संपवली. पोट भरलं, पण हात धुताना आठवेना, आईने आज भाजी कसली दिली होती.