वसंताच्या हातची खूण

“बाबा फार भित्रे होते. २०१५च्या निवडणुकीत तर मतपत्रिकेवरची खूणसुद्धा त्यांनी अधिकाऱ्याच्या हातून करवून घेतली.” सिंगापुरातल्या बिशानमधल्या शोकसभेत माझ्या मित्राच्या, वसंताच्या, चिरंजीवांनी हे वाक्य मायेने उच्चारले आणि उपस्थितांनी मायेनेच माना डोलावल्या. माझी मान हलली नाही. भित्रा? होता, त्याच्या भीतीचा सर्वांत जवळचा साक्षीदार मी आहे. परंतु वाक्याचा उत्तरार्ध साफ खोटा आहे, आणि मित्राला जाऊन महिना उलटला तरी तो माझ्या घशाखाली उतरत नाही.

वसंता जहाजावरचा इंजिनिअर. आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहिलो, दोघांनीही इथले नागरिकत्व घेतले. इंजिनरूममध्ये दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून काम झाले की हत्यार खिशात टाकायची त्याची सवय. घरातला चमचाही पुष्कळदा त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडे. काचबिंदूने दृष्टी गेल्यावर ही सवय वाढलीच... खाली ठेवलेली वस्तू पुन्हा हाताला लागेल, हा भरवसा उरला नव्हता.

निवडणुकीच्या त्या वर्षी त्याच्या मुलाच्या, श्रीधरच्या, एम्प्लॉयमेंट पासचे, म्हणजे इथे नोकरी करण्याच्या परवान्याचे, नूतनीकरण अडकले होते. इथे मतदान सक्तीचे आणि मतपत्रिकेवर क्रमांक छापलेला. “नाना, त्या आकड्यावरून माझं मत हुडकलं आणि पोराला परत धाडलं तर?” मी कायदा ऐकवला: क्रमांक बनावट कागद रोखण्यासाठी असतो, मत गुप्तच राहते. तो म्हणाला, “हमी दिसत नाही, आकडा दिसतो. आणि मला मेल्याला तर दोन्ही दिसत नाहीत!” हसला... पण हातातली कॉफी बशीत सांडत होती.

मतदान केंद्रावर तरुण अधिकारी म्हणाला, “अंकल, आय मार्क फॉर यू, कॅन?” अंध मतदारासाठी कायद्यात ही सोय होती, पण मग उमेदवाराचे नाव त्या परक्या माणसाला सांगणे आले. वसंता गरजला, “कॅनॉट!” तेव्हा त्याच्या हाती एक साचा देण्यात आला, मतपत्रिकेवर बसवायचा, खिडक्या कापलेला, बोटांनी चाचपून स्वतःच खूण करण्यासाठी. तो आडोशामागे गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि घडी घातलेला कागद त्याने पेटीत टाकला.

आम्ही दाराबाहेर पडतो न पडतो तोच मागून हाक आली, “अंकल! अंकल, वेट!” पाठोपाठ धावती पावले. वसंताची बोटे माझ्या मनगटात रुतली. “नाना, वाचला रे त्यांनी कागद... श्रीधरचा पास गेला.” मागे वळून पाहण्याचे धैर्य मलाही झाले नाही. अधिकाऱ्याने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्यापलीकडे थांबलेल्या श्रीधरने तेवढेच पाहिले आणि त्यावरून, खूणही याच अधिकाऱ्याने करून दिली असणार, अशी आपली कथा रचली. “पोराला यातलं काही सांगू नकोस, उगाच घाबरेल,” असे वचन वसंताने माझ्याकडून घेतले. पुढे पास मिळाला, तरी वचन राहिले. आज ते मोडतो.

श्रीधर, तुझा बाप तुझ्यापायी घाबरला होता, आणि त्याच थरथरत्या हाताने त्याने आपले मत दिले. ज्याची खूण दुसरा करतो, त्याला साचा लागत नाही. तो अधिकारी धावत आला होता तो साचा परत मागायला. साचा वसंताच्या सदऱ्याच्या खिशात होता.