तिनं न म्हटलेलं वाक्य

"कुणाचा बे तू?" मंडपात सगळ्यांसमोर पुढाऱ्यानं विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं.

"म्हंजे उमापूरच्या मेंढक्याचं पोरगं? मग तर लई बेस. ही जवानाची मायबी तुमच्यातलीच. शिकव तिला कॅमेऱ्यापुढं बोलायचे चार शब्द. मेंढरं हाकायची सवय हाय की तुला!"

लोक हसले. समोर तिरंग्यातली शवपेटी होती, तरी हसले.

मी सैन्याच्या जनसंपर्क कार्यालयात कंत्राटी अनुवादक होतो. घरातला पहिला पदवीधर. ही नोकरी तिथल्या साहेबांनी दिली. ते उपकार मी आजही मानतो. सांगता येत नसेल तर गप्प राहा, पण खोटं सांगू नका, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. लोकांचा विश्वास हेही सैन्याचं बळ असतं, म्हणाले होते. मी ते मनापासून खरं मानलं.

जवानाची आई पेटीला टेकून बसली होती. एकुलता एक गेला होता. कार्यालयाचा कॅमेरा तिच्यावर आला. ती म्हणाली, "त्यो कसा गेला, तेवढं सांगा. कावून सांगीनात मला? माय हाय मी त्याची."

हे मी हिंदीत सांगायचं होतं. साहेब कानाशी आले.

"असं सांग, आणखी एक मुलगा असता तर तोही दिला असता, म्हणते. हे चित्रण सीमेपलीकडेही बघतात."

"ती तसं म्हणाली नाही, साहेब. चौकशी चालू आहे, एवढंच आपण सांगू."

"घरी बसायचंय का तुला?"

मी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तिचंच बोलणं हिंदीत सांगितलं. शब्दाला शब्द.

"माजलं बे हे!" पुढारी ओरडला. कॅमेरा बंद झाला.

नोकरी गेली. चित्रफितीतून माझा भाग कापला. तिच्या रडत्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या आवाजात साहेबांचं ते वाक्य चढवलं. चौसाळ्याच्या हॉटेलात लोक मोबाइलवर ते बघत होते, डोळे पुसत होते. ती अजून विचारतेच आहे. तिला कुणी सांगेल, असं मला वाटत नाही.

"माफी माग," वडील म्हणतात. "परत घेतेल तुला."

मागणार नाही. ती तसं म्हणाली नव्हती. मी तिथं होतो. जो कुणी ती चित्रफीत दाखवेल, त्याला हे तोंडावर सांगणार. ऐकणारा एकही नसला, तरी सांगणार.