मोटारीत बसलेले गृहस्थ

मी कॉलेजात होते तेव्हा बेळगावात मोटारी मोजक्याच होत्या. वडिलांची जुनी मोटार पत्र्याच्या कामासाठी गॅरेजमध्ये अडकली होती. दसऱ्यापर्यंत ती घरी आली नाही, तर खेपा घालून कंटाळलेले वडील ती भंगारात देणार होते. मला गाडी शिकायची होती, आणि तीच शिकायची होती. म्हणून कॉलेज सुटलं की मी गॅरेजकडे जायचे.

"उद्या या की, आक्का," मिस्त्री मान वर न करता सांगायचा. मी मान डोलवून परतायचे.

शेजारी दुरुस्तीला आलेल्या आपल्या तशाच जुन्या मोटारीत एक गृहस्थ बसलेले असत. निपाणीहून सकाळच्या बसने यायचे म्हणे. मोटारीला दारं नव्हती, तरी ते चपला बाहेर काढून, रुमालाने सीट झटकून आत बसत. स्टिअरिंगवर पेपर टेकवून वाचत, तिथेच डबा खात.

एकदा मला परतताना पाहून म्हणाले, "रोज इचारतीस कशाला गं? इचारलं की तो उद्या म्हणतोय. गाडीत बस जा. बसलेल्या माणसाला उद्या या म्हणता येत न्हाय."

गप्प बसणं मला लहानपणापासून उत्तम जमायचं. मी चपला काढल्या, आमच्या गाडीत बसले आणि पुस्तक उघडलं. मिस्त्रीने दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही मी जाऊन बसले, त्यानंतरही. त्याच आठवड्यात तो हातोडी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"आक्का, जरा उठा की. दार बसवायचंय."

मी उठले नाही. पलीकडच्या सीटवर सरकले आणि म्हटलं, "बसवा."

शेजारच्या मोटारीत पेपरचं पान उलटलं.