बब्रुवानचा पत्रा आणि अंदमानचा जाळ

आपल्या पायाखाली काय आहे, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का? नाही विचारलं. तुम्हाला माईकवरनं सांगणारा लागतो, आणि त्याच्या गळ्यात उपरणं असलं की तुमच्या माना आपोआप डोलतात.

सास्तूरचा बब्रुवानही तसलाच. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्याला पक्कं घर मिळालं, धक्के सोसणारं. त्यात तो ज्वारीची पोती ठेवतो आणि छत अंगावर येईल या भीतीनं स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडात झोपतो. तीस वर्षं उलटून गेली. ज्वारी सुखरूप, माणूस भाजतोय. शेजारपाजारही तेच करतो, वर त्याला शहाणपण म्हणतो.

या शहाणपणावर हिंमतराव जगतो. त्याच्याकडं पत्र्याचं दुकान आहे आणि तोंड आहे. दर वर्षी भूकंपाच्या दिवशी पारावर तो पाताळाच्या गोष्टी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक मावत नाही.

यंदा बब्रुवानच्या नातीला, अर्पिताला नोकरी लागली. पोरगी भूशास्त्र शिकलेली. जायचं होतं पोर्ट ब्लेअरला. तिथून बोटीनं बॅरन बेटाजवळ जाऊन तिथला ज्वालामुखी तपासायचा. तिचा बाप शंभू म्हणाला, "आज्जा म्हणतील तसं." आणि आज्जा म्हणाला, "न्हाय." कारण हिंमतरावानं कानात सोडलं होतं, "आपली जमीन तिकडं बुडतीया अण्णा. बुडतीया तिथंच जाळ निघतोय. पोरगी जाळात ढकलता व्हय?"

अर्पिता खाटेवर येऊन बसली. "आज्जा, हिंमतकाका निम्मं खरं बोलले."

"म्हंजे बुडतीया?"

"कड बुडतीया. तिकडं समुद्राच्या तळाला. आपण बसलोय त्या थराचीच ती कड हाय, अंदमानच्या खाली सरकत जाती. सास्तूर न्हाय बुडत."

"मग जाळ कशाचा?"

"गुऱ्हाळावर राबलाव की तुमी. कोरडा गूळ तव्यावर टाकला तर?"

"करपतोय."

"अन् चमचाभर पाणी टाकलं तर?"

"त्याच आचेवर पाघळतोय."

"तसंच. बुडणारा थर आपल्यासंगं पाणी नेतोय. लई खोल गेला की ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं अन् खडक पाघळाय लागतो. तो रस वर चढतो. म्हणून डोंगर अगदी कडंला उठत न्हाईत, जरा मागं हटून उठत्यात. ओळीनं, कमानीवानी. समुद्राच्या वर डोकं काढलं की झालं बेट. पोर्ट ब्लेअर तसलं न्हाय. ते फावड्याम्होरं माती साचती तसं बुडत्या थरावरचा गाळ खरवडून साचलेलं. धूर हाय तो पार पलीकडं, बॅरनवर."

"अन् आपल्याकडं?"

"आपला काळा दगड बी रसाचाच. पर तो भेगांतनं निघून पसरला, माणूस नव्हता तवा. आता खाली रस न्हाय. आपला भूकंप येगळा. थराला रेटा बसतोय, जुनी चीर हालती."

"तिकडं भूकंप होत न्हाईत, म्हण की."

"होत्यात. लई मोठे. मी खोटं बोलणार न्हाय, आज्जा."

बब्रुवान उठून शेडाकडं गेला. हो म्हणाला नाही. पोरीचं खरं पटूनही म्हाताऱ्याच्या मानेवर अजून हिंमतरावच बसलेला.

भूकंपाच्या दिवशी पारावर हिंमतराव फुलला होता. "आपल्या बब्रुवानअण्णांनी नातीला अडवलं. पोथीत मिळत न्हाय असली अक्कल. टाळ्या होऊ द्या." आणि झाल्या की हो टाळ्या. पोरगी घरी बसली म्हणून टाळ्या पिटणारं गाव.

बब्रुवान उठला. आपलं नाव माईकवरनं ऐकून तो पारापुढं येऊन उभा राहिला.

"हिंमतराव, भूकंपाच्या आदल्या साली, ब्याण्णवला जमीन गुरगुरत हुती. आमी समदी बाहेर झोपत हुतो. 'काय होत न्हाय, आपापल्या घरात जा,' म्हणत दारोदार कोण फिरलं?"

हिंमतराव हसला. "तवाचं शास्त्र येगळं हुतं, अण्णा."

"दगड तर त्योच हाय." बब्रुवानचा आवाज चढला नाही. "माझी बायको धुरपदा तुमचं ऐकून आत झोपाय लागली अन् फुडल्या साली ढिगाऱ्याखाली गेली. मी त्या राती रानात राखणीला हुतो, म्हणून उरलो. तवा बी तुमी बघून बोलला न्हाय, आता बी न्हाय. माझी नात बघून येते म्हणतीया. ती जाणार."

हिंमतरावानं माईकवर टिचकी मारली, जणू बिघाड तिथंच होता. मघाचे टाळीवाले आता आपल्या चपला शोधत होते. धुरपदाबाईसारखी माणसं यांच्याही घरची गेलेली, पण एवढ्या वर्षांत एकाचीही जीभ उचलली नव्हती.

अर्पिता गेली. पहिल्या फेरीत तिनं बोटीवरनं फोटो पाठवला. काळा डोंगर, वर धुराचा शेंडा. बब्रुवान तो दिसेल त्याला दाखवतो, आणि हिंमतरावाला तर मुद्दाम दुकानात जाऊन.

हिंमतराव एकट्या सास्तूरचा नाही. तुमच्या गावातही एक आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर पहिल्या रांगेत बसता. एवढं करा. पुढच्या वेळी तो पाताळातलं सांगायला लागला की टाळीसाठी उचललेला हात तसाच वर ठेवा आणि विचारा, "तुम्ही हे बघितलंय, का नुसतं ऐकलंय?"