रेडिओवर मम्मी गात होती

एसीची कोंदट गार हवा, तव्यावर खरपूस होणाऱ्या सुक्या बोंबलांचा वास आणि खिडकीत ठेवलेला लाल रेडिओ… शारजातल्या रोल्लामधली आमची ती एकुलती एक खोली अजूनही अशी लख्ख आठवते, आणि तिच्या मागोमाग मला राग येतो.

जाहिरातींवर चालणारं आपल्या लोकांचं एफएम तेव्हा इथं नुकतंच सुरू झालं होतं. वसईच्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या मम्मीच्या गळ्याची कीर्ती या एफएमच्या मॅनेजरच्या कानावर गेली आणि सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी त्याने तिला दुबईतल्या देरा भागातल्या स्टुडिओत बोलावलं. मोठी गायिका येण्याआधी चाल कुणाकडून तरी गाऊन घेतात. त्याला डमी म्हणतात. "सिस्टर, ये सिर्फ डमी है. बॉम्बे से सिंगर आएगी," तो म्हणाला. मम्मी तेवढ्यानेही हरखली.

मग एका सकाळी, ट्रॅफिकमध्ये रखडलेल्या शाळेच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या रेडिओवर मम्मी गाऊ लागली. "दॅट्स माय मम्मी," मी सगळ्यांना सांगत सुटले. एका मुलीच्या वडिलांनी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणे, आवाज मुंबईच्या गायिकेचा. मी बसमध्ये 'लायर' झाले. मम्मीने फोन केला, तर तिलाही तेच ऐकवलं — "आपको गलतफहमी हुई है." चर्चच्या आवारात बायका तिच्याकडे बघून तोंडाला रुमाल लावू लागल्या. मम्मीने गाणंच सोडलं, तेही लाजेने. राग मी धरला, आणि लोणच्यासारखा मुरवला.

परवा त्याच मॅनेजरचा फोन आला. स्टेशनचा वर्धापनदिन आहे, जुनी टेप हरवली आहे, मम्मी पुन्हा गाईल का… मी फोन स्पीकरवर टाकला.

"आवाज किसकी थी, अंकल?"

"तुम्हारी मम्मी की, बेटा."

"ज़रा ज़ोर से बोलिए."

तो बोलला. मी पुन्हा बोलायला लावलं. फार गोड वाटलं मला ते. कोथिंबीर निवडणारी मम्मी फोनकडे वाकली आणि शांतपणे म्हणाली, "बॉम्बे की सिंगर को बुलाओ. खलास." फोन बंद करून आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसता हसता, इतक्या वर्षांनी, ती तीच चाल गाऊ लागली… आणि वरच्या सुरापाशी पोचली तेव्हा गळ्यातून नुसती हवा आली. तिने पुन्हा करून पाहिलं. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "जाऊ दे. वय झालं."

संध्याकाळी त्याचा माफीचा मेसेज आला. मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही.