रुईशी लागलेलं तिचं लग्न

तिला शेवटची आंघोळ घालताना पाठीला हात लावू नका, दुखतंय तिला, असं मी म्हणून गेले. बायका पण हात जपून फिरवायला लागल्या. मेलेल्या माणसाला दुखत नाही, हे थोडा वेळ कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघी शेजारी बसून काम करायचो. मग एका खोलीत राहायला लागलो आणि तिथंच वय झालं. चारचौघांत मी तिला आक्का म्हणायची. घरात हाक मारायची गरजच पडत नव्हती. माझी चाहूल लागली की ती वळायची.

आम्ही राहायला लागलो त्याच साली डोंगरावरच्या देवीला कौल लावला होता. देवीच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली की होकार. गुरवानं विचारलं, "काम काय हाय?"

"जन्माचं काम हाय, मामा," ती म्हणाली.

उजवी कळी पडली. देवळाच्या मागं जाऊन तिनं माझ्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत घातली, मी तिच्या. पदराआड राहील अशी लांब पोत घेतली होती.

पुढं एकदा टीव्हीवर सांगितलं, बायकाबायकांच्या, गड्यागड्यांच्या लग्नाला कोर्टानं मान्यता दिली नाही. मला जेवण गेलं नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कोर्ट न्हाय म्हनलं, देवी व्हय म्हनली. आता कुणाचं ऐकायचं, सांग की! जेव गप."

बरेच दिवस अंथरुणाला खिळून ती गेली, तेव्हा तिचा भाऊ तिला त्यांच्या गावी, उचगावला घेऊन आला. मीही बरोबर आले. आंघोळ घालताना तिच्या आत्तीच्या हाताला ती पोत लागली. "ह्ये काय गं? कुवारनीच्या गळ्यात?" असं म्हणून तिनं ती काढली आणि बाजूच्या दगडावर ठेवली.

आमच्याकडं बिनलग्नाचं माणूस गेलं की जाळायच्या आधी त्याचं रुईशी लग्न लावतात. नाहीतर जीव अडकून फिरत राहतो म्हणतात. भाऊ बांधावरून रुईची फांदी घेऊन आला. मोडल्या ठिकाणी चीक गळत होता.

मी कधी माणसांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "अण्णा, तिचं लगीन झालंय."

"कवा? कुणासंगं?"

"माझ्यासंगं. देवीनं कौल दिलाय."

मग भावकीतला एकजण म्हणाला, "मग देवीलाच बोलवा की साक्षीला!" दोघंतिघं हसले.

"दुखानं डोस्कं फिरलंय तिचं. पानी द्या गं कुनीतरी," आत्ती म्हणाली.

भाऊ हसला नाही. माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, तू तिचं लई केलंस. आमी रक्ताची असून आमाला झालं न्हाय. पर तिला अशीच जाळली तर गती मिळायची न्हाय. माझी भन हाय ती. आडवी येऊ नगंस."

त्याचे डोळे रडून सुजले होते. त्याच्यावर राग धरता आला असता तर बरं झालं असतं.

तिला हळद लावली. हिरवा चुडा भरला. रुईची फांदी शेजारी ठेवून मध्ये धोतराचा अंतरपाट धरला. सगळ्यांच्या हातावर अक्षता दिल्या, तशा माझ्याही हातावर दिल्या. आत्ती कानाशी म्हणाली, "टाक गं तूबी. तुझ्या हातची तिला पोचंल."

मी कौल डोळ्यानं बघितला होता. तिचं लग्न माझ्याशी झालं होतं, तो माझा धर्म होता. पण जीव अडकतो ही भीतीही मी लहानपणापासून त्याच धर्मातून घेतलेली. भावाचं खरं असलं तर? माझ्या हट्टापायी ती कुठल्या बांधावर तहानलेली फिरत राहिली तर?

मंगलाष्टक संपलं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. सगळ्यांच्या मागून मीही टाकल्या, थोड्या तिच्यावर आणि थोड्या त्या रुईवर.