टेपचं दुसरं टोक

भाद्रपद सरत आला तरी आभाळ फाकत नव्हतं. सकाळच्या भुरभुरीत मुक्ताबाई लेणीच्या पायऱ्यांतलं गवत विळ्यानं काढत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथं रोजंदारीवर. लेणी केंद्राची, म्हणून तिचं पोट दिल्लीच्या पुरातत्त्व खात्यावर. घर डोंगराच्या पायथ्याला, ते मात्र राज्याच्या मुलखात. याचा तिला कधी जाच झाला नव्हता.

उन्हाळ्यात राज्याकडून रमाई घरकुल मंजूर झालं. मातीच्या घराची मागची भिंत पोट सुटून उभी होती आणि लेक दीपमाला सोयगावाहून पहिल्या बाळंतपणाला यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरचंच. वस्तीतले पुढारी तात्यासाहेब म्हणाले, "मुंबईचा हुकूम हाये, बिनघोर पाडा. जुनं पाडून पाया खणल्याबिगर काम म्होरं सरकत नाय." मग नवरा बन्सी अन् ती, दोघांनी बुद्धवंदना म्हणून घर पाडलं, ताडपत्री ताणली, पाया खणला.

आज खात्याचे साहेब टेप घेऊन आले. लेणीपासून शंभर मीटरात नवं बांधकाम करायचं नाही, हा केंद्राचा कायदा. दुसरा गडी आला नव्हता, म्हणून साहेबांनी टेपचं दुसरं टोक मुक्ताबाईच्याच हातात दिलं. ती टोक धरून उतरत गेली. स्वतःच्या घराच्या खणलेल्या पायात उभी राहिली तरी शंभर मीटरांची टेप उरलीच होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. खाली बघत म्हणाला, "जुनं घर उभं असतं तर डागडुजीची परवानगी मागता आली असती. आता रिकामी जागा. म्हणजे नवं बांधकाम."

"म्हंजी पाडलं हाच गुन्हा?"

साहेब टेप गुंडाळत राहिला.

दुपारी ती शहरातल्या घरकुलाच्या कचेरीत गेली. तिथं म्हणाले, आमची मंजुरी कायम आहे, दिल्लीची हरकत नाही, एवढं लिहून आणा. ते मिळत नसतं, हे साहेबानं सकाळीच सांगितलं होतं. क्रांती चौकात तात्यासाहेब चहा पीत भेटले. राज्य येगळं, केंद्र येगळं, असं बराच वेळ समजावून सांगितलं. मोर्चा काढू म्हणाले.

"मग मतं मागाया दोघं एकाच जीपमदी कसे येत्यात, तात्या?"

तात्यासाहेब हसले अन् अजून एक कट चहा सांगितला.

बन्सीला सगळं सांगितलं तर तो विडी विझवत म्हणाला, "दोन सासवा हायेत आपल्याला. एक म्हणती चूल मांड, दुसरी म्हणती जाळ करू नको. अन् उपाशी ऱ्हायलो तर दोघीबी म्हणत्यात, सून आळशी."

दिवेलागणीला सोयगावाहून विहिणीचा फोन आला. लेकीला कधी धाडू?

"तिकडंच ऱ्हाऊ द्या," मुक्ताबाई म्हणाली.

विहीण लागेल असं बोलली. पहिलटकरणीला माहेरी जागा नाय, असं कुठं ऐकलं नव्हतं तिनं.

"जागा लई हाये, विहीणबाई. बांधायला मनाई हाये."

दीपमालानं फोन ओढून घेतला. "आई, मी ताडपत्रीखाली ऱ्हाईन."

"तू ऱ्हाशील. वल्या भुईवर लेकरू कुठं ठिवशील?"

मुक्ताबाईनं फोन ठेवला. ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीनं ढकलून बादलीत धरलं, अन् खरकटी भांडी घासायला बसली.